निळ्या हवेतलं विरजण

हिमानी खोब्रागडेला आयुष्यात एकच गोष्ट धड येत होती, ती म्हणजे फुंकणं! रोज सकाळी दात घासायच्याही आधी ती एका प्लॅस्टिकच्या नळीत छातीतली सगळी हवा एका दमात रिकामी करायची आणि नळीवरचा काटा सांगायचा की आज फुप्फुसांची तब्येत काय म्हणते. डॉक्टर त्या नळीचं लांबलचक नाव घ्यायचे. हिमानी तिला फुंकणी म्हणायची. जुन्या घरी, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये, हा काटा दोनशेवरच धापा टाकायचा आणि हिमानी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. या नव्या इमारतीत आल्यापासून तो तीनशे ऐंशीवर जाऊन ऐटीत उभा राहायला लागला होता.

"किती?" आई दाराशी चप्पल घालता घालता ओरडायची.

"तीनशे ऐंशी!"

"शाब्बास!"

आणि आई कामाला. काम त्याच इमारतीच्या तळघरात. बाबा दूर सिंगरौलीच्या खाणीवर, दिवाळीला यायचे. म्हणजे सकाळी सव्वाआठलाच हिमानीचा दिवसभराचा संवाद आटोपलेला असायचा, आणि त्यातही अर्धा वाटा आकड्यांचा.

इमारतीचं नाव नीलप्रभा. गाव चंद्रपूरच्या पलीकडचं, कोळशाच्या पट्ट्यातलं, जिथे पांढरा शर्ट वाळत घातला तर संध्याकाळी राखाडी काढायचा, आणि लोकही त्याचं काही वाटून घ्यायचे नाहीत. या धुरात एकच इमारत अशी होती की तिच्या आत हिमालयाच्या तोडीची हवा होती. ती हवा बनवली होती हिमानीच्या आईने, डॉक्टर सुलभा खोब्रागडेंनी.

कशी बनवली, ते आई फार सोपं करून सांगायची. जत्रेत कशी म्हातारी माणसं झाडाखाली बसून असतात आणि पोरं नुसती सैरावैरा पळत असतात, तसं. दोन पट्ट्यांमध्ये जबरदस्त विजेचा दाब दिला की हवेतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या पोरांसारखे बेफाम धावायला लागतात. त्यांचं तापमान हजारो अंशांचं! पण जड अणू आपल्या जागी थंड बसून असतात, त्यामुळे हाताला ती हवा कोमटच लागते. हा थंड प्लाझ्मा. दिसायला मंद निळा, जांभळीकडे झुकणारा. धावता धावता ही पोरं समोर येईल त्याला धडकतात. ऑक्सिजनचा रेणू फुटतो, नायट्रोजनचा फुटतो, बाष्पाचाही फुटतो, आणि त्या तुकड्यांतून असले चावरे रेणू तयार होतात की ते धुरातल्या गंधकाला आणि काजळीला खाऊन टाकतात. जंतूंच्या तर कातडीलाच भोकं पाडतात. उरलेला चावरेपणा एका जाळीत मोडून टाकायचा. गंधक पाण्यात धुऊन काढायचं, फुटलेल्या नायट्रोजनचं खत करायचं. नीलप्रभाच्या गच्चीवरची वांगी त्याच खतावर डोक्याएवढी व्हायची. म्हणजे धूर आत आणि वांगी बाहेर! एवढी अक्कलवाली आई कुणाची असते?

घराघरात छताजवळ ही निळी पट्टी होती. एक ओट्यावर, एक फ्रिजमध्ये, एक सामान आत घ्यायच्या खिडकीत. सगळी दारं रबराची किनार लावलेली, चपखल बंद होणारी. वर्षभर हे चालवून पाहायचं, मग पाहणी समिती येणार, आणि सगळ्या मजल्यांवरची हवा मर्यादेत निघाली तर आणखी चाळीस गावांत अशा इमारती. नाही निघाली, तर यंत्रं काढून नेणार.

यंत्रात दोष नव्हता. इमारतीत कुणाला सर्दी व्हायची नाही. आता सर्दीच होत नाही म्हटल्यावर गवती चहा मागायला कोण कुणाकडे जाणार? दूध महिनाभर नासायचं नाही, त्यामुळे "कपभर दूध द्या हो, आमचं फाटलं" असं म्हणत कुणी दार वाजवायचं नाही. पीठ आंबायचं नाही, भाकरीला बुरशी यायची नाही, आणि कचऱ्याला वास नसल्यामुळे शेजाऱ्याशी भांडायचीही सोय राहिली नव्हती. हिमानीची शाळा पडद्यावर. मैत्रिणी पडद्यावर. दहावीत पंचाहत्तर पोरं, पण एकाही पोराच्या डोक्याला कुठलं तेल लावलेलं असतं ते तिला सांगता आलं नसतं.

दुपारी ती घरभर मोठ्याने बोलत हिंडायची. फ्रिजशी भांडायची, खुर्चीला टोमणे मारायची. एकदा तिने स्वतःलाच "अगं, जेवलीस का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. त्या दिवशी मात्र तिला जरा भीतीच वाटली.

म्हणून मग तिने वाटी घेतली.

क्वार्टरमध्ये हे तिचंच काम असायचं. विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी पळायचं. दिवेलागणीच्या आत, कारण तिन्हीसांजेला कुणी दही देत नाही. विरजणाला नाही कुणी म्हणायचं नाही, आणि आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. एवढे तीन नियम पाळले की अख्ख्या ओळीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते पोटात जाऊन कळायचं.

हिमानीने समोरच्या घराची बेल दाबली. वर्षभरात पहिल्यांदा.

"पार्सल खिडकीत ठेवा," आतून स्पीकर बोलला.

"पार्सल नाही! मी समोरची. विरजण आहे का थोडं?"

आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. मग आतून जे हसू फुटलं, त्याने रबराची किनार थरथरली असेल.

"विरजण? बाप्पा! इथं कुठलं आलं वं विरजण? मेलेलं दही भेटते पाकिटात, त्याले तोंडाले लावायची मलम समजून लावू का खाऊ, ते समजत नाई." दार फटीएवढं उघडलं. फटीत एक डोळा आणि अर्धी टिकली. "नाव काय तुयं?"

"हिमानी."

"मी पौर्णिमा. ब्रह्मपुरीची." डोळ्याने हिमानीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लई दिवसानं कोनी मागून रायलं काही."

दार बंद झालं. पण हिमानी रिकामी वाटी घेऊन घरी आली ती नाचतच! आता विरजण बनवायचं. नसेल तर निर्माण करायचं!

आजकाल कुणालाही विचारा, मिरचीच्या देठांनी दही लागतं हे यंत्रंसुद्धा सांगतात. देठांवर दह्याचे जंतू मुळातच राहतात. पण नीलप्रभात पहिल्यांदा दूध दूधच राहिलं, कारण मिरच्या धुतलेल्या आणि निळ्या खिडकीतून आलेल्या. दुसऱ्यांदाही दूधच. मग हिमानीने आईच्याच पुस्तकातून आईवर मात केली. प्लाझ्मा पृष्ठभागावर काम करतो, खोल शिरत नाही. मिरचीची टोपी देठाला जिथे घट्ट बसते, त्या सांदीत कुणी लपलं असेल तर? तिने मिरच्या न धुता टोप्या तशाच ठेवून देठं खुडली, कोमट दुधात बुडवली, डब्याला घट्ट झाकण लावलं, डबा स्वेटरमध्ये गुंडाळला आणि निळ्या उजेडापासून लांब, कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दूध जरा चिकट, तारेचं झालं होतं. तेच पुढच्या दुधाला लावलं. तिसऱ्या दिवशी डबा कलता केला तर दही हललं नाही! वर पिवळसर पाणी, खाली चकतीसारखं घट्ट. चमच्याने चिरलं तेव्हा जी कड उमटली ती पाहून हिमानीने चक्क शिट्टी मारली. जीभ लावली. आंबट! इतकं आंबट की एक डोळा आपोआप मिटला.

पौर्णिमाताईंनी या वेळी दार पूर्ण उघडलं. दही चाखलं, डोळे मिटले, आणि मग हिमानीला हाताला धरून आत ओढलंच. नवरा खाणीत पाळीवर, आणि त्या दिवसभर ब्लाउज शिवत एकट्या. दोघी तासभर बोलल्या, म्हणजे एकजण बोलायची तेव्हा दुसरीही बोलायची. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, तिळाची चटणी भरून.

मग काय! रिकामी वाटी परत करायची नाही, या नियमापुढे कुठलं यंत्र टिकणार? पौर्णिमाताईंनी विरजण खालच्या मजल्यावर दिलं, खालच्यांनी आणखी खाली. चौथ्या मजल्यावरच्या उरकुडे काकांनी ज्वारीची आंबील लावली. ते खाणीत सुरुंग लावायचे, त्यामुळे कान अर्धे गेलेले आणि आवाज दुप्पट झालेला. "घे पोरी, पी! तोंड वाकडं नको करू, अमृत हाय!" हिमानी तोंड वाकडं करूनच प्याली. हळूहळू तिला जिन्यात अनोळखी माणसं भेटायला लागली, हातात झाकलेली भांडी घेऊन, आणि सगळी तिच्याकडे पाहून ओळखीचं हसायची. दारं उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. कुणाच्या तरी घरात दोन बायकांचं जोरदार भांडण झालं, तर अख्खा मजला कान देऊन उभा!

आणि रोज सकाळी आई विचारायची, "किती?"

"तीनशे ऐंशी!"

काटा तीनशे साठवर होता. मग तीनशे पन्नासवर. मग त्याच्याही खाली. हिमानी तेच उत्तर ओरडत राहिली. आईला नळी पाहायला वेळ नसतो, हे तिला ठाऊक होतं.

एका दुपारी आई अवेळी घरी आली. हातात एक छोटी पेटी. अशा पेट्या जिन्यांमध्ये बसवलेल्या होत्या, हवा चाखणाऱ्या. ही हातात धरायची. पेटी टिकटिक करत होती. आई भिंतीच्या कडेने, दिवाणाखालून, ओट्यावरून ती फिरवत चालली होती, आणि कपाटापाशी टिकटिकीची किंकाळी झाली.

आईने स्वेटर उलगडला. डबा उघडला.

"हे काय आहे?"

"दही."

"ते दिसतंय मला."

"मग विचारलंस कशाला?"

आईच्या ओठाचा कोपरा हलला. हसू येणार होतं बहुतेक, पण वाटेतच परत गेलं. "पंधरा दिवस शोधतेय मी. सगळ्या मजल्यांवर हे जंतू. मला वाटलं, माझ्या गणितातच चूक आहे. झोपले नाहीये मी, हिमू. आणि ते माझ्याच घरात, माझ्याच स्वेटरमध्ये?"

"दह्याचे जंतू काय करतात गं कुणाचं?"

"काही नाही करत ते बिचारे." आई खुर्चीत बसली. "दारं करतात. एक दार उघडलं की बाहेरचा जिना आत येतो. जिन्याचा दरवाजा उघडला की खालचं फाटक आत येतं. गंधक वाढलंय, काजळी वाढलीय. जंतू नुसते दाखवतात, कोण कुठे गेलं ते." तिने नळी उचलून पुढे केली. "फुंक."

"सकाळी फुंकलं ना."

"माझ्यासमोर फुंक."

हिमानीने फुंकलं. काटा जरा चढला आणि थांबला. तीनशे पंचवीस.

"ही इमारत मी तुझ्यासाठी बांधली," आई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, तोच जास्त लागला.

"माहितेय. म्हणून तर तुला सांगता येत नव्हतं."

मग आईने सांगितलं. पाहणी समिती गुरुवारी. हवा अशीच राहिली तर यंत्रं जाणार. सगळ्या मजल्यांची. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ, आठव्यावरच्या दोन दम्याच्या आज्या, आणि हिमानी, सगळे परत दोनशेवर. यावर एकच उपाय. निळ्या पट्ट्या पूर्ण जोरात लावून एक दिवस धुलाई, सगळ्यांची आंबवलेली भांडी रिकामी, आणि पुढे दारं फक्त कामापुरती.

"मी नाही सांगू शकत लोकांना," आई म्हणाली. "मी ओळखतच नाही कुणाला."

हिमानीनेच सांगितलं, दारोदार जाऊन. पौर्णिमाताईंनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार इतकं हळू लावलं की किनार चिकटल्याचा आवाजही आला नाही. उरकुडे काका म्हणाले, "फेकायले सांगतेस? तुया फुप्फुसासाठी? बरं." आणि आंबिलीचं अख्खं भांडं तोंडाला लावून त्यांनी तिच्यासमोर ते तळापर्यंत रिकामं केलं. "घे. फेकली."

धुलाई झाली. समिती आली, हवा चाखली, माना डोलावल्या. चाळीस गावं मंजूर! आई तळघरातून पळत वर आली, हिमानीला उचलायला गेली आणि दोघी जमिनीवर बसल्या. सकाळी काट्याने कमाल केली होती. तीनशे नव्वद. एवढा मोठा श्वास हिमानीच्या छातीत कधीच मावला नव्हता. आणि त्या श्वासात बोलायला पुन्हा फ्रिज आणि खुर्ची. आता तर जास्तच ऐकू यायला लागलं होतं, समोरचं मशीन किती वेळ थांबतं, खाली कोण मोठ्याने खाकरतं. पूर्वी ती एकटी होती, पण कुणावाचून, ते तिला माहीत नव्हतं. आता एकेकाचं नाव ठाऊक होतं.

धुलाईनंतर आठवडाभराने आगीचा सराव झाला. भोंगा वाजला, सगळ्यांनी मागच्या बाजूला पळायचं. मागे लोखंडी जिना होता, उघड्यावरचा, थेट वीजकेंद्राच्या चिमण्यांसमोर. तिथे जायला दोन दारं होती, मध्ये कपाटाएवढी खोली. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे बाहेरची हवा आत यायचीच नाही. हिमानी त्या कपाटात उभी राहिली आणि तिच्या डोक्यात दिवा पेटला. इथून बाहेर गेलं तर इमारतीच्या आकड्याला धक्का लागत नाही. लागला तर फक्त तिच्या!

त्या दिवशी तिने पौर्णिमाताईंना निरोप धाडला. ताईंनी खाली धाडला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हिमानी मास्क लावून लोखंडी पायरीवर जाऊन बसली. हवा कोळशाची, कडवट, जिभेवर बसणारी. आतून पौर्णिमाताई आल्या, हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज. खालून उरकुडे काका दर पायरीला कठडा धरत चढून आले.

"काहून बोलावलं?"

"असंच!"

"अँ?"

"असंच म्हणते ती, काका!"

"मंग ठीक हाय." आणि ते बसले.

रोज बसायला लागले. वाटी नाही, दही नाही, नुसतं बसणं. कधी दोघे, कधी सात-आठजण. सकाळी काटा तीनशे सत्तर दाखवायचा, कधी तीनशे साठ. या वेळी हिमानीने आकडा खराच ओरडून सांगितला.

आईने आठवड्यातच शोध लावला. हिमानी बोलता बोलता वळली तर काचेच्या दारामागे आई उभी. मधल्या त्या कपाटात. निळ्या उजेडात तिचे केस जांभळे दिसत होते. एका हातात इनहेलर, दुसरा हात दाराच्या मुठीवर. किती वेळ उभी होती कोण जाणे. हिमानीला वाटलं, आता दार उघडणार, दंड धरणार आणि आत नेणार. पण आई नुसती पाहत होती. इमारतीतली सगळ्यात स्वच्छ हवा त्या काचेमागे होती आणि तिच्यात ती एकटी.

हिमानी पायरीवर थोडी सरकली.

दार उघडलं. आईला मास्क लावायची सवय नव्हती, तो नाकाखाली लोंबत होता. ती बसली, पदर आवरला, सगळ्यांकडे पाहून परीक्षेला बसल्यासारखी हसली. मग उरकुडे काकांकडे वळून म्हणाली, "तुम्ही चारशे दोन ना? तुमच्याकडे ओल नेहमी जास्त असते."

"काय म्हनते?"

"चारशे दोनवाले का, विचारतेय!" हिमानी ओरडली, आणि त्या ओरडण्याने तिला जो खोकला आला तो थांबेचना. आई इनहेलर घेऊन अर्धी उठली.

हिमानीने हात वर केला. थांब. खोकून घेतलं, इनहेलर स्वतः ओढला, श्वास छातीत धरला, सोडला. आईचे डोळे तिच्या बरगड्यांवर.

"जाऊ या आत?" आईने हळूच विचारलं.

हिमानीने मान हलवली. नाही.

आई खाली बसली. हातातला इनहेलर तिने घट्ट धरून ठेवला होता. बऱ्याच वेळाने ती काकांच्या कानाशी वाकली आणि विचारलं, "नाव काय तुमचं?"

"गुलाब. गुलाब महादू उरकुडे." काकांनी पाय पसरले आणि थेट मूळ गावापासून सुरुवात केली. गाव धरणाखाली गेलेलं, म्हणजे गोष्ट लांबणार हे उघड होतं. चिमण्यांचा धूर एका बाजूला कलला होता. उद्या सकाळी काटा कुठे असेल ते हिमानीला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"मग?" आई म्हणाली. "पुढे?"